सवा फुटाचा खांब

धर्मशाळेच्या कमानींच्या रेघा मी ओढल्या. जव्हारच्या आमच्या घरामागच्या अंगणात, चुन्याने घोटलेल्या जमिनीवर, एक खिळा आणि एक दोरी घेऊन. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्याचा मला जो राग आहे, त्यातला एक वाटा माझ्या स्वतःच्या हातांचा आहे. तो झाकून ठेवून बाकीच्यांवर तोंड सोडणं मला जमणार नाही.

आमचं घराणं गवंड्यांचं. संस्थानच्या त्या काळात जव्हारात दगड-चुन्याचं काम करणारी मुसलमानांची थोडी घरं होती, त्यातलं एक आमचं. अब्बा मोठे मिस्त्री होते. तरुणपणी उस्तादांबरोबर पार विजापूरपर्यंत जाऊन आलेले. एकदा चुना विझवताना तो उसळला आणि त्यांचा उजवा डोळा गेला. डावा पुढे हळूहळू धुरकटत गेला. मी तेव्हा विशीत होते. लग्न होऊन वर्षाच्या आत नवरा तापाने गेला, म्हणून माहेरी परत आलेली. अम्मी आधीच गेली होती. अब्बांना रेघ दिसेनाशी झाली आणि मला दिवस जाईनासा झाला. एके दिवशी त्यांनी माझ्या हातात दोरी दिली.

मराठी चार यत्ता मी शिकले होते, पण गणित मला कळलं ते त्या अंगणात. दोरीला सारख्या अंतरावर गाठी मारून बारा भाग करायचे. एक बाजू तीन भागांची, दुसरी चारांची, तिसरी पाचांची. तीन ठिकाणी धरून ताणली की तीन आणि चारच्या मधला कोपरा पक्का गुण्यात, म्हणजे काटकोनात येतो. तो कोपरा बरोबर असेल तर घर बरोबर, नाहीतर वर कितीही नक्षी करा, कौलं बसवताना ते घर तुमचा सूड घेतं. शाळेच्या मास्तरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले की हा ग्रीक लोकांचा सिद्धांत आहे. अब्बांनी ग्रीक लोकांचं नाव ऐकलेलं नव्हतं. ते म्हणाले, त्यांच्याकडेही दोरी असेल.

कमान शिकवताना अब्बांनी भिंतीवर दोन खिळे ठोकले आणि त्यांना एक साखळी अडकवली. साखळी मध्ये झोळ घेऊन लोंबायला लागली. मग म्हणाले, हिची प्रत्येक कडी फक्त ओढली जातेय, बरोबर? आता हाच झोळ उलटा कर आणि कड्यांच्या जागी दगड मांड. प्रत्येक दगड फक्त दाबला जाईल. दगड दाब सोसतो, ओढ सोसत नाही. कमानीतली सगळी अक्कल एवढीच. आणि सगळा धोका त्याच्या पुढचा. साखळी दोन्ही खिळ्यांना आत ओढते, तशी कमान दोन्ही खांबांना बाहेर ढकलते. दिवसरात्र ढकलते. आपण तिला उभी आहे म्हणतो, पण ती खरं तर पाय पसरत असते. ते पाय कुणीतरी धरायला लागतात. एका रांगेत पाच कमानी असतील तर शेजारच्या शेजारणीला धरतात. शेवटचीला कोण धरणार? शेवटचा खांब.

तो खांब किती जाड हवा, याची त्यांची एक रीत होती. कमानीच्या आतल्या गोलाईचे तीन सारखे भाग करायचे. खालच्या तिसऱ्या भागाची दोन टोकं सरळ रेघेने जोडायची आणि ती रेघ तेवढीच लांब, खाली बाहेरच्या बाजूला वाढवायची. ती जिथे पोचेल तिथपर्यंत दगड हवा. अर्धगोल कमान असेल तर गाळ्याच्या, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतराच्या, चौथ्या भागाएवढा खांब लागतो. कमान जितकी चपटी, तितका तो जाड. दिसायला नाजूक कमानच जास्त ढकलते. हे मी माझ्या हाताने पन्नास वेळा आखून पाहिलं होतं. मला ते झोपेतही आलं असतं.

मुंबईचा एक लाकडाचा व्यापारी आमच्या जंगलातला साग नेत असे. त्याने आपल्या आईच्या नावाने एक धर्मशाळा बांधायचं ठरवलं. जागा ठरली मोखाड्याच्या वाटेवर, संस्थानची हद्द संपून इंग्रजांचा मुलूख सुरू होतो त्याच्या थोडं अलीकडे. जव्हारच्या बाजाराला चालत येणारे लोक तिथे टेकायचे. काम अब्बांना मिळालं. नकाशा मात्र मुंबईहून आला आणि नकाशाबरोबर तो काढणारे साहेब आले. आपलेच, मराठी बोलणारे. विलायतेत शिकून आलेले, तिशीच्या आतबाहेरचे. मी त्यांना साहेबच म्हणेन. नाव घ्यायची इच्छा नाही.

नकाशा सुंदर होता, हे कबूल करते. मागे खोल्या, पुढे पाच कमानींचा लांब ओटा. मधली कमान दाराची, तिचे दोन्ही खांब भक्कम. डाव्या टोकाची कमान खोलीच्या भिंतीला टेकलेली. उजवं टोक उघडं. प्रत्येक गाळा आठ फुटांचा आणि कमान इतकी चपटी की खांबांच्या माथ्यापासून मधली उंची जेमतेम दीड फूट. बाकीचे खांब दहा फूट उंच आणि सवा फूट जाड. उघड्या टोकाचा शेवटचा खांबही सवा फूट.

मी नकाशा वाचून दाखवला तसे अब्बा अंगणात उकिडवे बसले. शेवटचा खांब परत वाच म्हणाले. मी परत वाचला. मग मी आमच्या रीतीने ती कमान आखली, तिसरा भाग जोडला, रेघ वाढवली. अडीच फुटांवर आली. नकाशाच्या बरोबर दुप्पट. अब्बांनी रेघेवरून बोट फिरवून पाहिलं आणि माझं माप स्वतःच्या वितीने मोजलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कामावर गेलो आणि अब्बांनी साहेबांना सांगितलं. अदबीने सांगितलं. टोकाचा खांब अडीच फूट करू, किंवा तो नको असेल तर कमानीच्या पायाशी आडवी लोखंडी सळई घालू, मुंबईच्या इमारतींत घालतात तशी, म्हणजे ती दोन्ही पाय बांधून ठेवील. साहेबांनी ऐकून घेतलं. मग ते समजावायला लागले. खांबाची जाडी आणि उंची यांचं प्रमाण एकास आठ आहे, ते जुन्या ग्रीक देवळांवरून घेतलं आहे, दाराचे सोडून सगळे खांब सारखे आहेत म्हणून डोळ्याला लय मिळते. एक खांब जाड केला तर माणूस लंगडतोय असं दिसेल, आणि सळई म्हणजे तर नव्या नवरीच्या तोंडावर लगाम.

अब्बा म्हणाले, "साहेब, दिसायचं तुमचं बरोबर आहे. मी ढकलण्याचं बोलतोय."

साहेब म्हणाले, "मिस्त्री, तू दगड लाव. विचार करायचे पैसे मला दिलेत."

अब्बांनी मान खाली घातली. मी त्यांच्या मागे डोक्यावरचा पदर धरून उभी होते. मीही घातली. त्या घातलेल्या मानेचा मला आज सगळ्यांत जास्त संताप येतो. घरी आले आणि नकाशात होती तशीच कमान आखली. त्या रेघेवरून सुतारांनी प्रत्येक दगडाच्या मापाचे लाकडी फर्मे कापले, फर्म्यांवरून दगड घडले. माझ्या कामात सुताएवढीही चूक नव्हती.

काम अर्धं झालं असताना जव्हारच्या शाळेत साहेबांचं व्याख्यान झालं. विषय होता वास्तुकलेची ओळख. मास्तरांनी अब्बांना मुद्दाम बोलावलं होतं. मी बाहेरच्या ओट्यावर खिडकीपाशी बसले. साहेब चांगलं बोलले. मला खोटं बोलायचं नाही, मी भान हरपून ऐकत होते. त्यांनी फळ्यावर ग्रीक देवळं काढली. चौरसाची बाजू आणि कर्ण यांचं नातं सांगितलं, आणि तो कर्ण घेऊन नवा आयत कसा वाढवतात ते दाखवलं. रोमचा एक घुमट सांगितला, जो जेवढा रुंद तेवढाच जमिनीपासून उंच, म्हणजे आत एक अख्खा चेंडू मावेल. इटलीतल्या दुसऱ्या एका शहरातल्या घुमटाबद्दल सांगितलं, तो उभा करणारा मूळचा सोनार होता आणि त्याने खालून लाकडी साच्याचा आधार न देता विटा रचत नेल्या. आग्र्याचा मकबरा सांगितला. प्रत्येक इमारतीमागे एक थोर डोकं असतं, बाकीचे हात असतात, असं काहीतरी ते म्हणाले.

शेवटी कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा म्हणाले. अब्बा उठले.

"साहेब, तो रोमचा घुमट. त्याच्या भिंती किती जाड?"

साहेबांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "वीस फूट."

अब्बा "बरोबर आहे" म्हणाले आणि खाली बसले.

मागच्या बाकावरची मंडळी हसली. त्यांना वाटलं, म्हातारा मिस्त्री विलायती साहेबाची परीक्षा घेतोय. त्यातला अर्थ त्या खोलीत दोघांनाच कळला होता. साहेबांचा चेहरा मी खिडकीतून पाहिला, तो लाल झाला होता. त्यांनी उत्तर स्वतःच्या तोंडाने दिलं होतं आणि तरी दुसऱ्या दिवशी कामावर येऊन त्यांनी शेवटच्या खांबाला हात लावला नाही. उलट त्या दिवसापासून ते अब्बांशी थेट बोलेनासे झाले. निरोप मुकादमाकडून यायचे. माणूस अज्ञानी असता तर मी त्याला माफ केलं असतं. त्याला ठाऊक होतं. चारचौघांत एका आंधळ्या गवंड्याने आपल्याला पेचात धरलं, हे त्याला त्या खांबापेक्षा जड झालं.

आता कामावरच्या एका बाईबद्दल सांगते. साखरशेत गावची होती. भाताची कापणी उरकली की नवराबायको दोघं मजुरीला बाहेर पडायची. त्या साली ती दोघं धर्मशाळेवर आली, जवळच पाल्याची झोपडी घालून राहिली. ती चुन्याच्या पाट्या वाहायची. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी असेल. मला "बाय" म्हणायची. दुपारी आम्ही एकत्र भाकर खायचो, तिची नागलीची, माझी तांदळाची, आणि अर्धी अर्धी बदलून घ्यायचो. तिला माझ्या दोरीचं फार कौतुक. एकदा मी तिला तीन, चार, पाचचा कोपरा करून दाखवला. ती म्हणाली, तिचा नवरा घर उभारताना समोरासमोरचे कोपरे दोरीने मापतो, दोन्ही मापं सारखी आली की घर सरळ. मी विचार केला, खरंच की. लांबरुंदी जुळली आणि कर्णही सारखे आले की चारही कोपरे गुण्यात. एक वेगळी वाट, पण पोचते तिथेच. ज्याने हे काढलं त्याचं नाव साहेबांच्या फळ्यावर नव्हतं.

कमानी पुऱ्या झाल्या. अब्बांनी चुना सुकायला पुरता दीड महिना दिला, त्यात त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. मग पाचरी सैल करून लाकडी साचे काढले. कमानी उभ्या राहिल्या. मुकादमाने गूळ वाटला. मी शेवटच्या खांबाला वरून ओळंबा सोडला. दोरी दगडाला समांतर होती.

आठ दिवसांनी मी परत ओळंबा सोडला. खांबाचं वरचं टोक बोटभर बाहेर गेलं होतं. शेवटच्या कमानीच्या मध्यावर, चावीच्या दगडाशेजारी, केसाएवढी भेग होती. मी कुणाला सांगायच्या आत पाटी घेऊन चाललेली ती थांबली, डोळे बारीक करून खांबाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाय, यो खांब कललाय. आमचे घराची मेढ अशी कलली त आमी आत निजत नाय."

तिला ना ओळंबा लागला, ना नकाशा.

मी काय म्हटलं? मी म्हटलं, साहेबांना कळवतोय, ते बघतील. एवढंच. उघडं टोक ढकललं जातंय, तिकडे उभी राहू नको, हे मी तिला म्हटलं नाही. तसं ठरवून नव्हे. कमानीचं बोलायचं ते अब्बांशी किंवा साहेबांशी, ही सवय माझ्या हाडात मुरलेली होती. पाटी वाहणाऱ्या बाईला ते सांगायचं असतं, हे मला सुचलंच नाही.

अब्बांनी निरोप धाडला. साहेब आले तेव्हा उद्घाटनाला दोन दिवस उरले होते. व्यापारी मुंबईहून निघाला होता, पाहुणे यायचे होते. अब्बांनी विनवणी केली की सागाचे दोन जाड वासे तिरके लावून खांबाला बाहेरून टेकू देऊ, बाकीचं समारंभानंतर बघू. साहेबांनी खांबाकडे पाहिलं, भेगेकडे पाहिलं. नवी इमारत थोडी बसतेच, म्हणाले. टेकू लावलेली इमारत देणगीदाराला दाखवायची नाही. भेग बारीक चुन्याने बुजवा, वर सफेदी मारा.

बारीक चुना मी घोटला. वर शिडीवर एक गवंडी भेग भरायला बसला होता. पाटी मी भरली, आणि समोर ती होती म्हणून तिच्या डोक्यावर ठेवली. वर दे म्हटलं. ती गेली, शिडीपाशी उभी राहिली आणि दोन्ही हातांनी पाटी वर धरली.

आवाज आधी लहान झाला, सुपारी फुटावी तसा. वरच्या गवंड्याने उडी टाकली आणि त्याचा हात मोडला. खांब बाहेरच्या बाजूला गेला, सावकाश, अगदी दिसेल इतका सावकाश, आणि त्याच्यावरची कमान खाली बसली. मग तिच्या शेजारचा खांब एकटा पडला, त्यालाही धरणारं कुणी उरलं नाही, आणि दुसरी कमान गेली. दाराच्या भक्कम खांबाशी येऊन ते थांबलं. धूळ खाली बसायला वेळ लागला. तिचा नवरा मागच्या बाजूला पाणी शेंदत होता. तो धावत आला आणि कुणाला न विचारता हातांनी दगड उपसायला लागला. मीही उपसले. त्यातल्या प्रत्येक दगडाचा फर्मा मला ओळखू येत होता.

ती जिवंत सापडली नाही.

पुढच्या आठवड्यात चौकशी बसली. व्यापाऱ्याच्या जव्हारच्या लाकडाच्या वखारीत तीन माणसं बसली: त्याचा दिवाणजी, एक वकील आणि एक निवृत्त ओव्हरसियर. साहेबांनी शांतपणे सांगितलं की मिस्त्रीची नजर गेलेली आहे, ही गोष्ट त्याने लपवून ठेवली. कमान नकाशाप्रमाणे आखली गेली नसावी.

आदल्या दिवशी अब्बांनी मला बजावलं होतं की तू तोंड उघडायचं नाहीस. बाईमाणसाने रेघ ओढली असं कळलं की ते दुसरं काही ऐकणारच नाहीत. त्यांचं म्हणणं खरं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण वखारीच्या दारात उभं राहून मी ऐकत होते, आणि आपल्या बापाच्या आंधळेपणावर त्या बाईचं मरण ठेवलं जातंय हे मला सहन झालं नाही. मी आत गेले.

"रेघ माझी आहे," मी म्हटलं. "नकाशात आहे तशीच ओढली. फर्मे घरी आहेत, मागवा आणि मोजा."

खोलीत कुजबुज झाली. वकिलाला हसू आलं. पण तो म्हातारा ओव्हरसियर कामातला माणूस होता. त्याने खरंच फर्मे मागवले आणि स्वतः गुडघ्यांवर बसून, चष्मा पुसून, नकाशाशी मोजले. एकही इकडचा तिकडे नव्हता. मग साहेब म्हणाले की चुना कच्चा असेल. मी म्हटलं, चुन्याच्या त्याच घाणीत दळलेला, त्याच दिवसांतला चुना उरलेल्या तीन कमानींत आहे, त्या उभ्या आहेत. डावीकडच्यांना भिंतीने धरलंय, उजवीकडच्यांना कुणीच नव्हतं. मी जमिनीवर खडूने कमान काढली, तीन भाग केले, रेघ वाढवली. ओव्हरसियर बघत राहिला. त्याने अडीच फुटांवर बोट ठेवलं आणि साहेबांकडे बघितलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते.

मला वाटलं होतं, आता निकाल लागेल. निकाल लागला. अपघात दैवी, दोष कुणाचाच नाही. दोन कमानी पुन्हा बांधाव्यात. शेवटचा खांब अडीच फुटांचा करावा, तसा सुधारित नकाशा साहेबांनी काढून द्यावा. मिस्त्रीला नजरेमुळे कामावरून कमी करावं. कामावर बायकांनी आखणी करू नये. कागदात मेलेल्या बाईचा उल्लेख "एक मजूर स्त्री" असा आला, तोही पडलेल्या दगडांच्या यादीनंतर.

मी जिंकले होते, असं मास्तर मला पुढे म्हणाले. काय जिंकले? खांब जाड झाला. साहेबांनीच तो सुधारला, कागदावर तसंच आहे. अब्बा त्यानंतर घराबाहेर पडेनासे झाले. माझ्यावर ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. दिवसभर भिंतीला टेकून बसायचे, मधूनच हात पुढे करून हवेत काहीतरी मोजायचे. दोन वर्षांनी गेले.

पुढे जव्हारच्या वाचनालयात मला इमारतींवरची दोनचार पुस्तकं मिळाली. सगळी वाचली. थोर थोर माणसं होती त्यांत. मला त्यांचा राग नाही, त्यांनी केलंय ते मी समजू शकते, आणि समजलं की अजूनही अंगावर काटा येतो. विजापूरच्या मोठ्या घुमटाखाली एकमेकींत गुंतलेल्या कमानी आहेत. घुमटाची पसरण त्या आतल्या आत पकडतात, उरलेली जाड भिंती सोसतात. ते काम करणारा आपल्या कोकणातल्याच दाभोळचा होता, असं अब्बांच्या उस्तादांनी सांगितलं होतं. त्याने काय केलं असेल? बारकी कमान बांधून, पाडून बघितली असेल. कुणाचं तरी ऐकलं असेल. मला राग येतो तो थोरपण आधी अंगावर चढवून मग कामाला येणाऱ्यांचा. खांब एकास आठ का, हे त्यांना पाठ असतं. खांबाखाली कोण उभं आहे ते त्यांना दिसत नाही.

चौकशी संपल्यावर मी साखरशेतला गेले होते. ते सांगायचं टाळत होते. पायी गेले, दोन ठिकाणी वाट चुकले. तिचा नवरा खळ्यात बसून कारवीचा कूड विणत होता. मला पाहून उठला, पाणी दिलं. मी त्याला सगळं सांगितलं. चौकशीत काय झालं, रेघ कशी बरोबर होती, खांब कसा चुकला होता, साहेब कसे खोटं बोलले. बोलता बोलता माझा आवाज चढला. मला वाटत होतं की मी त्याच्या बाजूने बोलतेय.

त्याने हातातलं काम थांबवून सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुला ठावं होता?"

मी हो म्हटलं.

"मंग तिला सांगाया होता," तो म्हणाला.

तो रागाने बोलला नाही. एवढं बोलून कूड विणायला परत बसला. परत येताना मला साहेबांचा राग येत होता, चौकशीवाल्यांचा येत होता, आणि सगळ्यांहून जास्त माझा येत होता. तो राग निवला नाही. निवावा असं मी कधी मागितलंही नाही.

बरीच वर्षं मी दोरीला हात लावला नाही. मग गावातल्या एका सुताराशी माझा दुसरा निकाह झाला आणि त्याच्या दारं-खिडक्यांच्या, पाळण्यांच्या आखण्या मी करायला लागले. एकदा एक कंत्राटदार आला. त्याला एका गोदामाच्या कमानी आखून हव्या होत्या, आणि असं काम जमणारं गावात दुसरं कुणी उरलं नव्हतं. त्याने नकाशा पसरला. उघड्या टोकाचा खांब बारीक होता. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, नकाशा वरून मंजूर होऊन आलाय.

मी आखून द्यायला नकार दिला. नकार देऊन घरी बसले नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या कामावर गेले. खडी फोडणाऱ्या आणि पाट्या वाहणाऱ्या बायका सावलीला भाकर खात होत्या, त्यांच्यात जाऊन बसले, आणि त्यांना सांगितलं की उजव्या टोकाची कमान बाहेर ढकलणार आहे, खांब तिला धरायला पुरणार नाही, साचा काढल्यावर त्या बाजूला कुणी उभं राहू नका आणि मुकादमाने पाठवलं तरी जाऊ नका. काठीने मातीत रेघ ओढून का ते दाखवलं. त्यांतल्या एकीने तीच रेघ आपल्या हाताने पुन्हा ओढून पाहिली आणि शेजारणीला समजावली. तासाभरात त्या सगळ्या कामावरून उठल्या. कंत्राटदार माझ्या घरी येऊन ओरडला, माझ्या नवऱ्याला नाही नाही ते बोलला. मी दार लावून घेतलं. चार दिवस त्याचं काम बंद होतं. पाचव्या दिवशी त्याने टोकाला जाड भिंत घातली.